दिवसा निजणाऱ्याची खोली : घरातील शयनकक्ष आरोग्यदायी कसा करावा

शयनकक्षाची मांडणी बहुतेक घरांत खाटेच्या आकारावरून, कपाटाच्या जागेवरून आणि भिंतीच्या रंगावरून ठरते. त्या खोलीत कोण निजते, दिवसाच्या कोणत्या वेळी निजते आणि किती वेळ निजू शकते, हा विचार मागे पडतो. आरोग्याच्या दृष्टीने मात्र खोलीची सजावट याच प्रश्नांपासून सुरू व्हावयास हवी.

भिलाईसारख्या शहरात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. भारत व सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टी रात्री विझविता येत नाही. त्यामुळे कारखान्याचे काम पाळ्यांत चालते, आणि त्याच्याभोवती वाढलेल्या उद्योगांत, रुग्णालयांत, रेल्वेत व सुरक्षासेवेतही रात्रपाळी असते. कोहका आणि जामुल यांच्या शेजारच्या कुरुद भागातही रात्री कामावर जाऊन सकाळी परतणारे असतात. त्यांची रात्र सकाळी सुरू होते. घर जागे होत असताना, ऊन चढत असताना आणि रस्ता वाहू लागलेला असताना त्यांना निजावे लागते.

शयनकक्षाची मांडणी करताना घरातील ज्या व्यक्तीची झोप सर्वांत कठीण आहे, तिची सोय प्रथम पाहावी. तिला पुरेशी झोप मिळेल अशी खोली इतरांनाही सुखकर ठरते.

दिवसाची झोप कमी का पडते?

मानवी शरीरात दिवस-रात्रीचे एक घड्याळ असते. डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशावरून ते आपली वेळ जुळवून घेते. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते, शरीराचे अंतर्गत तापमान किंचित उतरते आणि झोप येते. सकाळच्या प्रकाशात याच्या उलट घडते. रात्रपाळी करून आलेली व्यक्ती कितीही थकलेली असली, तरी तिचे शरीर त्या वेळी जागे होण्याच्या तयारीत असते. म्हणूनच दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा साधारणतः एक ते चार तासांनी कमी भरते.

प्रौढ व्यक्तीस दररोज किमान सात तासांच्या झोपेची आवश्यकता असते. शाळकरी मुलांना नऊ ते बारा, तर किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. अपुऱ्या झोपेची तूट दिवसेंदिवस साचत गेल्यास उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा व नैराश्य यांचा धोका वाढतो. त्याहून तातडीचा धोका अपघाताचा असतो. क्रेनवर, यंत्रावर किंवा पहाटे दुचाकीवरून घरी परतताना लागलेली क्षणभराची डुलकी जिवावर बेतू शकते.

अंधार : सजावटीतील पहिली वस्तू पडदा

दिवसा निजणाऱ्याच्या खोलीत सर्वाधिक उपयोगाची वस्तू म्हणजे जाड, गडद रंगाचा पडदा. पातळ शोभेचा पडदा आधीच असेल, तर त्याच्या आत दुसऱ्या दांडीवर जाड सुती किंवा अस्तर लावलेला पडदा लावावा. पडदा खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंस एक वीत अधिक रुंद असावा, म्हणजे कडेने येणारी उन्हाची रेघ थांबते. नवा पडदा घेणे शक्य नसल्यास जुनी चादर दुहेरी करून वापरावी. डोळ्यांवर स्वच्छ सुती पट्टी बांधणे हाही सोपा उपाय आहे.

खाटेसमोर दूरदर्शन संच ठेवू नये. मोबाइल संच उशीखाली न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकास ठेवावा. गजर तेथूनही ऐकू येतो आणि तो बंद करण्यासाठी उठावे लागते, हा त्यातील आणखी एक लाभ. निजण्यापूर्वीच्या सहा तासांत चहा-कॉफी टाळावी. पाळीच्या शेवटच्या तासात घेतलेला चहा सकाळच्या झोपेच्या आड येतो.

उष्णता : कोणती खोली निवडावी?

उन्हाळ्यात या भागात दुपारचे तापमान अनेकदा चाळीस अंशांच्या पुढे जाते. सपाट सिमेंटच्या छताखालची आणि पश्चिमेकडे भिंत असलेली खोली दुपारी सर्वाधिक तापते व तिची उष्णता रात्रीपर्यंत टिकते. घरात निवड करण्यास वाव असेल, तर निजण्यासाठी खालच्या मजल्यावरील, उत्तरेकडील किंवा पूर्वेकडील खोली घ्यावी. पूर्वेकडील खिडकीस सकाळी पडदा लावावा. मोठी, दर्शनी खोली पाहुण्यांसाठी राखून निजणाऱ्यास तापणाऱ्या खोलीत ठेवण्याची प्रथा बदलण्यास काहीच खर्च येत नाही.

• छतावर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा थर द्यावा. पांढरे छत ऊन परावर्तित करते आणि खालची खोली काही अंशांनी थंड राहते.
• खिडकीच्या बाहेरच्या बाजूस वाळ्याचा पडदा, बांबूची चिक किंवा हिरवी जाळी लावावी. ऊन काचेवर पडण्यापूर्वीच अडविणे हे आतल्या पडद्यापेक्षा अधिक परिणामकारक असते.
• पहाटे व रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडून खोलीतील हवा खेळती करावी. बाहेर ऊन तापू लागताच त्या बंद कराव्यात.
• खोलीतील हवा चाळीस अंशांहून अधिक तापलेली असताना केवळ पंख्यावर विसंबू नये. अशा वेळी पंखा शरीरावर गरम हवाच फेकतो. अंग ओल्या फडक्याने पुसावे, पाणी पीत राहावे आणि शक्य असल्यास थंड जागी जावे.
• वातानुकूलन यंत्र असल्यास ते २४ ते २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा मंद गतीने चालवावा.

कूलर वापरताना त्याच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे. दमट हवा बाहेर पडण्यास वाट नसेल, तर खोली थंड न होता कोंदट होते. पत्र्याच्या कूलरला विजेचा धक्का लागून मृत्यू होऊ शकतो. म्हणून कूलरला अर्थिंग असावे, घराच्या विद्युत जोडणीत गळतीरोधक स्विच बसवून घ्यावा आणि पाणी भरण्यापूर्वी प्लग काढण्याची सवय घरातील प्रत्येकास लावावी.

डास : दिवसाच्या झोपेलाही मच्छरदाणी हवी

२०१८ च्या पावसाळ्यात भिलाई शहराने डेंग्यूची मोठी साथ अनुभवली. डेंग्यू पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यानंतरचे तास आणि सायंकाळी मावळतीपूर्वीचे तास हा त्याचा विशेष सक्रिय काळ होय. रात्रपाळी करून आलेला माणूस नेमका सकाळीच गाढ निजतो आणि मच्छरदाणी मात्र रात्रीची वस्तू म्हणून तोवर गुंडाळून ठेवलेली असते. हिवतापाचा ॲनाफिलिस डास रात्री चावतो. म्हणून ज्या घरात कोणी दिवसा निजते, त्या घरात मच्छरदाणी दोन्ही वेळा लागते.

मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचावी. फाटलेली जागा त्वरित शिवावी. कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी असल्यास ती सौम्य साबणाने, न घासता धुवावी आणि सावलीत वाळवावी. उन्हात वाळविल्याने तिचा गुण कमी होतो. मच्छरदाणीसाठी छतास चार आकडे बसविणे किंवा खाटेला काठ्यांची चौकट लावणे हे शयनकक्षाच्या मांडणीचे आवश्यक अंग समजावे.

डास वाढतात ते बहुधा घरातच, आणि अनेकदा निजण्याच्या खोलीतच. कूलरची टाकी, फुलदाणी, पाण्यात ठेवलेला मनीप्लांट, कुंडीखालची ताटली, फ्रीजमागचा पाण्याचा ट्रे ही एडिस डासाची आवडती ठिकाणे आहेत. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणतः सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक ठरावीक दिवस ही सर्व भांडी पूर्ण रिकामी करावीत. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. एडिसची अंडी टाकीच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरताच त्यांतून अळ्या निघतात. टाकीच्या कडा काथ्याने किंवा ब्रशने घासाव्यात, मग पुसून कोरड्या कराव्यात. पाण्यातील रोप मातीच्या कुंडीत लावावे, खोलीची शोभा तीच राहते.

बंद खोलीत डासांची अगरबत्ती जाळू नये. तिच्या धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसांस अपायकारक असतात. दमेकरी, गर्भवती आणि लहान मुले असलेल्या खोलीत तर ती मुळीच लावू नये. खिडकीस बारीक जाळी बसविणे हा एकदाच खर्चाचा व वर्षानुवर्षे टिकणारा उपाय आहे.

खाट : जमिनीपासून उंच निजण्याचे कारण

शहराच्या कडेच्या वस्त्यांपलीकडे भातशेती आहे. पावसाळ्यात साप कोरडी जागा व उंदीर शोधत घरात येतात. मण्यार, ज्याला येथे करैत म्हणतात, हा अत्यंत विषारी साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसास झोपेत चावतो. त्याचा दंश अनेकदा दुखत नाही, जागी सूज येत नाही आणि खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या मिटू लागणे, गिळता न येणे, बोलणे जड होणे ही त्याची लक्षणे होत.

याकरिता पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण घालू नये. साधी बाज किंवा लाकडी खाट पुरेशी आहे. ती भिंतीपासून थोडी दूर ठेवावी आणि चादरीची टोके जमिनीस लागू देऊ नयेत. खोचलेली मच्छरदाणी डासांप्रमाणे सापापासूनही संरक्षण देते. खाटेखाली धान्याची पोती, जुने कपडे किंवा पेट्या रचू नयेत. तेथे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो.

वरील लक्षणे आढळल्यास दंशाची खूण शोधण्यात वेळ घालवू नये. रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये, चावलेला अवयव हलू देऊ नये. जखम कापणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे किंवा झाडफूक करणे टाळावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून थेट रुग्णालयात न्यावे. सर्पदंशावरील औषध शासकीय रुग्णालयांत विनामूल्य दिले जाते.

गादी फार मऊ नसावी. पाठीस आधार देणारी कापसाची घट्ट गादी उत्तम. ती दर महिन्यास उन्हात तापवावी आणि चादरी व उशांचे अभ्रे आठवड्यास गरम पाण्यात धुवावेत. यामुळे दम्यास कारणीभूत ठरणारे धुळीतील सूक्ष्म किडे कमी होतात.

भिंती, रंग आणि सामान

भिंतीस फिकट व चमक नसलेला रंग द्यावा. रंग खरेदी करताना डब्यावर शिशाच्या प्रमाणाची नोंद पाहावी. १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनुसार घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असता कामा नये. जुन्या घरांतील दारे-खिडक्यांवरील पोपडे धरलेला तैलरंग कोरडा घासू नये. त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात गेल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. तो ओला करून खरवडावा, मुलांना दूर ठेवावे आणि फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. नव्याने रंगविलेल्या खोलीत वास जाईपर्यंत कोणी निजू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

भिंतीस ओल असेल, तर ती रंगाने किंवा लाकडी पत्र्याने झाकू नये. आत बुरशी वाढत राहते व खोकला, दमा बळावतो. प्रथम गळती शोधून दुरुस्त करावी, भिंत कोरडी होऊ द्यावी, मगच रंग द्यावा. कपाट ओलसर भिंतीस टेकवून ठेवू नये.

खोलीत सामान जितके कमी, तितकी धूळ कमी. रहदारीच्या रस्त्यालगत व औद्योगिक परिसराजवळ कोरड्या झाडूने धूळ पुन्हा हवेत उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसावे. जाड गालिचे, मखमली पडदे व भिंतीवरील कापडी शोभेच्या वस्तू दमेकऱ्याच्या खोलीत नसाव्यात.

शांतता : घराने मिळून करावयाची सजावट

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या काळात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तर दिवसा ती ५५ डेसिबल आहे. दिवसा निजणाऱ्यास कायद्याचे हे अधिक संरक्षण मिळत नाही, ते घरच्यांनीच द्यावयाचे असते. रस्त्याकडील खोलीऐवजी आतली खोली निवडावी. दाराच्या चौकटीस रबराची किंवा कापडाची पट्टी लावावी. कुकर, मिक्सर, कपडे धुणे ही कामे शक्यतो झोपेच्या पहिल्या चार तासांत टाळावीत. दारावर छोटी पाटी लावल्यास येणारा-जाणारा बेल वाजविण्यापूर्वी थांबतो. पंख्याचा एकसुरी आवाज बाहेरचे आवाज झाकतो, त्याचाही उपयोग होतो.

रात्रपाळी करणारी व्यक्ती स्त्री असेल, तर तिच्या दिवसाच्या झोपेचे बहुधा तुकडे होतात. सकाळचा स्वयंपाक, मुलांची शाळा, दुपारचे पाणी या प्रत्येक कामासाठी तिला उठविले जाते. परिचारिका असो वा कामगार, तिच्या झोपेचे तास घरातील सर्वांनी आधी ठरवून घ्यावेत आणि त्या तासांतील कामे वाटून घ्यावीत. तेवढे झाले नाही, तर उत्तम पडद्याचाही उपयोग होत नाही.

त्याच खोलीत तान्हे मूल किंवा वृद्ध असल्यास

एक वर्षापर्यंतच्या बाळास नेहमी पाठीवर, सपाट व घट्ट गादीवर निजवावे. डोक्याजवळ उशी, मोहरीची उशी, जाड गोधडी किंवा खेळणी ठेवू नयेत. बाळ आईच्या खोलीतच असावे, परंतु रात्रपाळीने अतिशय थकलेल्या, मद्य घेतलेल्या किंवा झोपेचे औषध घेतलेल्या व्यक्तीजवळ एकाच अंथरुणावर त्यास निजवू नये. गाढ झोपेत बाळ दबल्याचे कळत नाही.

वृद्धांच्या खाटेची उंची अशी असावी की कडेवर बसल्यावर दोन्ही पाऊले जमिनीवर सपाट टेकावीत. खाटेपासून शौचालयापर्यंतची वाट मोकळी असावी, तेथे सुटी सतरंजी किंवा वायर नसावी. मंद पिवळा दिवा जमिनीलगत लावावा. पाण्याचा तांब्या, चष्मा व काठी हाताशी असावीत.

हिवाळ्यातील एक कडक सूचना

थंडीत अनेक घरांत गोरसी, म्हणजे निखाऱ्यांची मातीची शेगडी, खोलीत आणून ठेवतात. बाळंतिणीच्या खोलीत ती विशेषकरून ठेवली जाते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्यास रंग नसतो, वास नसतो. बंद खोलीत निजलेल्यांस त्याची चाहूलही लागत नाही व झोपेतच मृत्यू येतो. निजण्यापूर्वी गोरसी खोलीबाहेर न्यावी. राख झाकलेले निखारेही वायू सोडत असतात. ऊब हवी असल्यास जास्तीचे पांघरूण, लोकरी टोपी व मोजे वापरावेत. बाळास आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणे ही सर्वोत्तम ऊब होय. मात्र आई जागी असतानाच असे धरावे.

कोठून सुरुवात करावी?

खर्चाविना, आजच : योग्य खोलीची निवड, खाटेखालील सामान हलविणे, मोबाइल दूर ठेवणे, झोपेच्या तासांविषयी घरात ठरविणे, कूलर घासून कोरडा करणे.

अल्प खर्चात, या महिन्यात : मच्छरदाणी व आकडे, जाड पडदा, दाराची पट्टी, जमिनीलगतचा दिवा, छतास चुना.

सवडीने : खिडकीस जाळी, ओलीची दुरुस्ती, शिसेविरहित रंग, गळतीरोधक स्विच.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा?

• ताप, डोळ्यांमागे वेदना व अंगदुखी असल्यास डेंग्यूची तपासणी करावी. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. ताप उतरल्यानंतर पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा अतिशय सुस्ती आढळल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.
• खोली योग्य असूनही आठवड्यातून तीन वा अधिक वेळा झोप लागत नसेल व हे तीन महिने चालले असेल, तर डॉक्टरांना भेटावे. झोपेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत.
• मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडखळणे, वाहन चालविताना डुलकी येणे ही लक्षणे दुर्लक्षू नयेत.
• मन सतत उदास असल्यास टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

तपासणीसाठी नजीकचे आरोग्य केंद्र किंवा सुपेला येथील लाल बहादूर शास्त्री शासकीय रुग्णालय येथे जावे. आरोग्यविषयक माहितीसाठी १०४ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक शयनकक्षाच्या दाराआड, सर्वांना दिसतील असे लिहून ठेवावेत.